वळ आणि पट्टे

२००६च्या ऑक्टोबरात ईएमआय कंपनीने भारतातल्या दुकानांतून एका अल्बमच्या सगळ्या प्रती परत मागवल्या आणि नष्ट केल्या. बँड अमेरिकेतला, ‘स्लेयर’, हेवी मेटल वाजवणारा, म्हणजे जड गिटारींचं, कानठळ्या बसवणारं रॉक संगीत. अल्बमचं नाव ‘क्राइस्ट इल्यूजन’. तक्रार मुंबईतून गेली होती, कॅथलिक सेक्युलर फोरमची. मुखपृष्ठावर हात छाटलेला, एक डोळा गेलेला ख्रिस्त रक्ताच्या पाण्यात उभा होता आणि भोवती मुंडकी तरंगत होती. मी वसईचा, कॅथलिक घरातला. आमच्याकडे संध्याकाळी मेणबत्ती लावून सगळ्यांनी एकत्र रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची पद्धत आहे. ते चित्र पाहून मलाही दुखलं. तक्रार करणाऱ्यांचं दुखणं खोटं होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही.

पण त्या वेळच्या चर्चेत एक गोष्ट माझ्या कानावर कुठेच आली नाही. स्लेयरचा गायक टॉम अराया जन्माने चिली देशाचा आणि श्रद्धेने कॅथलिक आहे. हे त्याने कधी लपवलेलं नाही. गाण्यांचे शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याचे असतात, पण ते उच्चारतो तो हा. मग हा माणूस काय करतोय? ढोंग? की त्याच्या आत श्रद्धा आणि तो आक्रोश एकाच खोलीत राहतात, आणि आपल्याला ती खोली उघडून पाहायची भीती वाटते? प्रती नष्ट झाल्या आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं. माझ्या मते विषय तिथे सुरू व्हायला हवा होता.

हेवी मेटल आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्याबद्दल साधारण तीन मतं ऐकू येतात. चर्चमधली बरीच माणसं म्हणतात की हे सैतानाचं संगीत आहे, त्याला आवारात पाय ठेवू देऊ नका. मेटलचे कट्टर चाहते म्हणतात की हे बंडाचं संगीत आहे, त्यात येशूचं नाव घेणारा फितूर. तिसरे ख्रिस्ती मेटल विकणारे. त्यांच्या मते संगीत म्हणजे नुसतं भांडं, त्यात विष ओता नाहीतर अमृत. वरवर पाहता तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एका बाबतीत तिघांचं एकमत आहे. या आवाजाला स्वतःचं काही सांगायचं असेल, हे तिघांच्याही गावी नाही. माझं म्हणणं असं की आवाज आधीच काहीतरी बोलतोय, आणि तो जे बोलतो ते पवित्र शास्त्रात पानोपानी आहे. ख्रिस्ती मेटलचा घोळ झाला तो तिथे, जिथे त्याने हे बोलणं ऐकण्याऐवजी त्यावर प्रवचनाचा लेप दिला.

हा आवाज कुठून आला ते आधी बघू. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात ॲस्टन नावाची कामगारवस्ती. टोनी आयोमी हा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि वाजवत राहिला. बोटांना ताण सोसवेना म्हणून पुढे तारा सैल केल्या. तारा सैल झाल्या की सूर खाली उतरतो, आवाज जड होतो, पोटात घुमतो. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या १९७१मधल्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमवर हे उतरलेले सूर स्पष्ट ऐकू येतात. ज्या जडपणामुळे या संगीताला ‘हेवी’ म्हणतात, त्या जडपणात त्या कापलेल्या बोटांचा मोठा वाटा आहे.

त्याच अल्बमवर ‘आफ्टर फॉरएव्हर’ नावाचं गाणं आहे. लिहिणारा बँडचा बासवादक गीझर बटलर, आयरिश कॅथलिक घरातला. गाणं सरळ ऐकणाऱ्याच्या तोंडावर प्रश्न फेकतं: मेल्यावर तुझ्या आत्म्याचं काय होईल याचा कधी विचार केलायस का, आणि देव मानतो असं मित्रांसमोर म्हणायला तुला लाज वाटते का? १९७१ साल, ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव, आणि आत हे गाणं. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या आतल्या पानावर उलटा क्रूस छापला होता, तो रेकॉर्ड कंपनीने, बँडला न विचारता. बँडच्या गळ्यात होते ते सुलटे क्रूस, गायक ऑझीच्या वडिलांनी धातू घडवून करून दिलेले. ‘ख्रिस्ती मेटल’ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी ख्रिस्त या संगीतात येऊन बसलेला होता. कोणी बोलावल्याशिवाय.

‘सैतानाचा स्वर’ या भानगडीबद्दलही बोललं पाहिजे, कारण प्रत्येक वादात ती निघते. ब्लॅक सॅबथच्या पहिल्याच गाण्यात षड्ज ते तीव्र मध्यम हे अंतर ठाण मांडून बसलं आहे. त्याला युरोपात कधीकाळी ‘संगीतातला सैतान’ म्हणत, आणि मध्ययुगातल्या चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी गोष्ट दोन्ही बाजू आवडीने सांगतात. अशा बंदीचा पुरावा नाही. आपल्याकडे संध्याकाळी तानपुऱ्याच्या षड्जावर यमन सुरू झाला की तोच तीव्र मध्यम लागतो आणि ऐकणारे डोळे मिटतात. एखादं स्वरांतर सैतानाचं नसतं. ते अस्वस्थ असतं, त्याला कुठेतरी पोचायचं असतं. यमन त्याला पंचमावर नेऊन विसावा देतो, सॅबथ देत नाही. फरक एवढाच, पण फार मोठा. मेटल हे विसावा न मिळालेल्या माणसाचं संगीत आहे.

आता ‘स्ट्रायपर’कडे येतो. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतला हा बँड १९८३च्या सुमारास मायकेल आणि रॉबर्ट स्वीट या भावांनी उभा केला. काळ विसरू नका. १९८५च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सिनेटपुढे गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली. आक्षेपार्ह ठरवलेल्या पंधरा गाण्यांच्या यादीत ‘व्हेनम’ आणि ‘मर्सिफुल फेट’ या मेटल बँडांची गाणी भूतविद्येच्या कारणावरून होती. रेकॉर्ड उलट्या फिरवून त्यांत सैतानाचे निरोप शोधणारे लोक गावोगाव हिंडत होते. अशा वेळी चार पोरं लांब केस सोडून, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे घट्ट कपडे घालून स्टेजवर येतात, तारसप्तकात येशूचं नाव घेतात आणि नव्या कराराच्या प्रती गर्दीत भिरकावतात, याला धैर्य लागतं. १९८६चा त्यांचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ दहा लाखांहून जास्त खपला. त्यांच्यामुळे हजारो मुलांना पहिल्यांदा वाटलं की आपली श्रद्धा आणि आपला आवडता आवाज यांतलं एक टाकायला नको. हे ऋण मी मानतो.

त्यांना दगड मारले तेही घरच्यांनीच. स्वीट कुटुंब १९७५ साली ज्याचं दूरचित्रवाणीवरचं प्रवचन ऐकून विश्वासात आलं, त्या जिमी स्वॅगर्टनेच त्यांना झिडकारलं. गर्दीत शास्त्र फेकणं म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणं, असं त्याचं म्हणणं. कोणत्या श्रोत्यांना डुकरं म्हणतोय याचा त्याने विचार केला असता तर? ती बहुतेक सोळा-सतरा वर्षांची मुलं होती.

तरीही माझी तक्रार स्ट्रायपरशीच आहे, आणि ती त्यांच्या नावापासून सुरू होते. हे नाव पवित्र शास्त्रातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातून घेतलं आहे. मराठी शास्त्रात तिथे म्हटलं आहे की त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झालं. इंग्रजीत त्या फटक्यांसाठी जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ चाबकाचे वळ, आणि रोजच्या बोलण्यात त्याचाच अर्थ पट्टे. बँडने वळांचे पट्टे केले. पाठीवर उठलेले, फुटलेले, रक्ताळलेले वळ होते, त्यांचे पिवळे-काळे कपडे झाले, पिवळ्या-काळ्या गिटारी झाल्या. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक ख्रिस्ती मेटलचं तेच झालं. त्यात विजय भरपूर होता. सैतान हरला, आपण सैनिक, आपण जिंकलो. जखम मात्र क्वचितच. आयोमीच्या तुटलेल्या बोटांतून निघालेलं संगीत उचललं, आणि बोटं तुटली होती हेच त्यातून वगळलं.

का वगळलं? कारण ते संगीत प्रामुख्याने गळाला लावायचं आमिष म्हणून बघितलं जात होतं. पोरं या आवाजाकडे धावतात ना, मग आवाज तोच ठेवा, शब्द बदला. अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत आणि युवा मासिकांत त्या काळी तक्ते असत: तुला अमुक बँड आवडतो का, मग त्याऐवजी हा ख्रिस्ती बँड ऐक. हे तक्ते प्रेमापोटीच केले असणार, मुलं वाया जाऊ नयेत म्हणून. पण ‘त्याऐवजी’ या शब्दातच सगळं आलं. ज्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू चालते, तिच्यावर आपलं प्रेम नसतं. आणि मुलांना हे लगेच कळतं. १९९०मध्ये स्ट्रायपरने पट्टे उतरवले आणि ‘अगेन्स्ट द लॉ’ हा उघड धर्मप्रचार नसलेला अल्बम काढला, तेव्हा चाहत्यांच्या एका मोठ्या गटाला तो विश्वासघात वाटला. १९९२मध्ये मायकेल स्वीट बँड सोडून गेला. तो अल्बम मी अनेकदा ऐकला आहे. त्यात वाजवण्याचा निखळ आनंद आहे. ज्यांना फक्त आमिष हवं होतं, त्यांना त्या आनंदाचं करायचं काय हे समजलं नाही.

हे तक्ते आमच्यापर्यंतही पोचले होते, जरा वेगळ्या रूपात. नव्वदच्या दशकात मी एका निवासी युवा शिबिराला गेलो होतो. तिथे आलेल्या वक्त्याने शेवटच्या रात्री आम्हाला सांगितलं की बॅगेत जी काही ‘तसली’ गाणी असतील ती आणून या खोक्यात टाका. माझ्याकडे सॅबथची एक कॅसेट होती, मित्राकडून भरून घेतलेली, तिच्यावर मीच बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिली होती. मी ती टाकली. रडत टाकली, आणि ते रडणं पश्चात्तापाचं आहे असं समजून एका ताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या फार प्रेमळ होत्या. त्या कॅसेटमध्ये मेल्यानंतरच्या आत्म्याबद्दल विचारणारं ते गाणं होतं, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. चौदा वर्षांच्या पोराला ते सांगता येत नाही. त्या बदल्यात मला एक कॅसेट मिळाली, गुळगुळीत, आनंदी, गिटारच्या साथीवरच्या स्तुतिगीतांची. चार वर्षांनी माझा चुलतभाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. त्या दिवसांत त्या कॅसेटमधलं एकही गाणं मला ऐकवेना. देव चांगला आहे असं त्यात चाळीस वेळा म्हटलं होतं, आणि मला त्याच्याशी भांडायचं होतं.

‘ख्रिस्ती’ हा शिक्का बाजारात विकायला लागला की माणसाचं काय होतं, याचं सगळ्यात वेदनादायी उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाचाच ‘ॲज आय ले डाइंग’. मोठा बँड, ख्रिस्ती म्हणून नावाजलेला. गायक टिम लॅम्बेसिसला २०१३मध्ये अटक झाली. बायकोचा खून करवून घेण्यासाठी त्याने माणूस ठरवायचा प्रयत्न केला होता आणि तो माणूस पोलीस निघाला. गुन्हा कबूल केल्यावर २०१४मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या गुन्ह्याचं खापर मी संगीतावर किंवा शिक्क्यावर फोडत नाही. तो त्याचा त्याने केला. पण शिक्षेच्या सुमारास त्याने एका मुलाखतीत सांगितलं की त्याची श्रद्धा केव्हाच गेली होती, तरी ‘ख्रिस्ती बँड’ हे नाव तसंच चालू राहिलं, आणि ज्या ख्रिस्ती बँडांबरोबर तो फिरला त्यांत खरोखर श्रद्धा असलेले दहात एखादेच. आकड्यावर विश्वास ठेवा अथवा नका ठेवू. मला त्यातली एकच गोष्ट बोचते. श्रद्धा डळमळलेल्या माणसाला ते म्हणायला जागाच ठेवली नव्हती. शिक्का गेला तर दुकानातला कप्पा जातो, चर्चमधली आमंत्रणं जातात, घर चालत नाही. ज्या शास्त्रात सर्वस्व गमावलेला ईयोब राखेत बसून अध्यायामागून अध्याय देवाशी हुज्जत घालतो, त्या शास्त्राच्या नावाने चाललेल्या बाजारात संशयाला एक ओळही मिळत नाही.

इथे कोणी मला विचारेल, आणि विचारायलाच हवं, की परक्या रूपात आपला देव घालणं हे तर आपल्याच इतिहासात आहे, मग स्ट्रायपरला का नावं ठेवता? खरं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६मध्ये राचोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या. त्या ग्रंथाची सुरुवातच बदलीच्या मागणीतून होते: आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर वाचायला त्या जागी दुसरं काही द्या. ज्या पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली तिच्याच सावलीत हे पुराण लिहिलं गेलं, हे मी ख्रिस्ती म्हणून विसरू शकत नाही आणि विसरूही नये. म्हणजे ‘त्याऐवजी’ इथेही आहे, आणि अमेरिकन दुकानातल्या तक्त्यापेक्षा कितीतरी जड हाताने लादलेलं. तरी क्रिस्तपुराण आजही मराठी वाचक, ख्रिस्ती नसलेलेही, प्रेमाने वाचतात. कारण लिहिता लिहिता स्टीफन्स भाषेच्या प्रेमात पडला. ओवीला त्याने ओवीसारखं वागवलं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या प्रचारासाठी लागत नव्हत्या, त्याला राहवलं नाही म्हणून आल्या.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या मिशनमधले कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ-मृदंगाच्या साथीत येशूची कथा. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाला हात घातला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत, आणि तो पूल त्यांनी ओलांडल्यावर जाळला नाही. म्हणूनच ‘उपासना संगीता’तली त्यांची पदं आजही मराठी मंडळींत गळा भरून म्हटली जातात. टिळकांना अभंग पोटात होता. अभंगात जी तळमळ असते, भेट होत नाही म्हणून जीव कासावीस होणं, ती त्यांनी काढून टाकली नाही, उलट तीच ख्रिस्ताकडे नेली. मेटलकडून मला हेच हवं आहे. त्याची तळमळ, त्याचा संताप, त्याचा काळोख तसाच राहू दे आणि तसाच देवापुढे येऊ दे.

हे झालेलं आहे, आणि सगळ्यात अवघड जागी झालेलं आहे. नॉर्वेत ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचं फान्टोफ्टचं जुनं लाकडी चर्च जळून खाक झालं. पुढच्या काळात अनेक चर्चना आगी लावल्या गेल्या, त्यांतल्या काही ब्लॅक मेटल या मेटलच्या उघड ख्रिस्तविरोधी शाखेच्या वर्तुळातल्या तरुणांनी. ऑगस्ट १९९३मध्ये त्याच वर्तुळातल्या एका वादकाने दुसऱ्याचा खून केला. खून आणि आगी मिळून त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. या संगीतात ख्रिस्ताला जागा असू शकते असं तेव्हा म्हणणं म्हणजे जळत्या घरात शिरण्यासारखं होतं.

दोन उत्तरं आली. ऑस्ट्रेलियातल्या एका ड्रमरने एकट्याने ‘होर्ड’ नावाने, स्वतःचं नाव झाकून, १९९४मध्ये ‘हेलिग उस्वार्त’ हा अल्बम काढला. आवाज तोच, शब्द उलटे. एका गाण्याचं नावच ‘उलटा क्रूस उलटा करा’ अशा अर्थाचं. ऐतिहासिक काम आहे, वाजवलंय जीव तोडून. पण मला त्यात समोरच्याचाच चेहरा आरशात दिसतो. शत्रूने जे म्हटलं त्याचं उलट म्हणायचं ठरवलं की काय म्हणायचं हे शत्रूच ठरवतो.

दुसरं उत्तर नॉर्वेतच होतं. ‘अँटेस्टर’ हा बँड १९८९पासून, आगी लागण्याच्या आधीपासून वाजवत होता. सुरुवातीच्या काळात ते आपल्या संगीताला ‘दुःखाचं मेटल’ म्हणत. त्यांच्या गाण्यांत सैतानाला शिव्या फारशा नाहीत. एकटेपणा आहे, मरणाची ओढ आहे, खोल खड्ड्यातून वर बघणं आहे, आणि वर कोणी आहे की नाही याची खात्री नसतानाही बघत राहणं आहे. १९९८चा त्यांचा अल्बम ‘क्रेडल ऑफ फिल्थ’सारख्या बँडांना आणणाऱ्या एका इंग्लिश कंपनीने काढला, ख्रिस्ती दुकानासाठी तो नव्हताच. २००५च्या ‘द फोर्सेकन’ या अल्बमवर ड्रम वाजवले हेलहॅमरने, म्हणजे नॉर्वेतल्या सगळ्यात कुख्यात ‘मेहेम’ या बँडच्या ड्रमरने. त्याने धर्म बदलला नव्हता. त्याला संगीत पटलं. आमिष म्हणून केलेल्या संगीताला असा माणूस कधी साथ देत नाही. त्या अल्बमच्या नावाचा अर्थ ‘टाकलेले’. क्रुसावर येशूने उच्चारलेला आणि पवित्र शास्त्रातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ असलेला शब्द तोच आहे: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

आता आक्षेप. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला फार नीट शब्दांत विचारलं होतं: बाबा रे, त्या ओरडण्यातला शब्द कळत नाही, मग ती प्रार्थना कशी? आक्षेप भक्कम आहे, आणि त्याला संत पौलाचा आधार आहे. करिंथच्या मंडळीला तो सांगतो की कळणार नाही असं बोललात तर ते वाऱ्याशी बोलणं होईल. पण तोच पौल रोमच्या मंडळीला लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने. कण्हणं. ज्याने कुणाच्या उशाशी रात्र काढली आहे त्याला माहीत असतं की कण्हण्यात शब्द नसतात. मेटलमधला तो घशातून खरवडून काढलेला आवाज पहिल्यांदा ऐकताना मला राग ऐकू आला होता; भाऊ गेल्यानंतर ऐकला तेव्हा कण्हणं ऐकू आलं. सगळ्यांना तसं ऐकू येईल असा माझा दावा नाही. कुणाला येत असेल तर त्याला बाहेर काढू नका, एवढंच.

गोंगाटाचा आक्षेप मला त्या मानाने दुबळा वाटतो. दीडशेव्या स्तोत्रात झणझणणाऱ्या झांजांनीच स्तवन करायला सांगितलं आहे. आणि शास्त्रात देव स्वतः एका संगीताला गोंगाट म्हणतो ते आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. तिथे मंदिरातली व्यवस्थित, सुरेल गाणी चालू असतात, बाहेर गरीब नाडला जात असतो, आणि देव म्हणतो की हा गोंगाट माझ्यापासून दूर न्या.

मेटलच्या कट्टरांनाही एक विचारायचं आहे. बंड हा तुमचा धर्म असेल तर कोणाविरुद्ध बंड करायचं याची परवानगी तुमच्याकडून घ्यावी लागते, हे कसं? ‘आयर्न मेडन’च्या १९८२मधल्या ज्या गाण्यावरून चर्चवाले भडकले, ते सुरू होतं शास्त्रातल्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या वचनांनी. ‘मेटॅलिका’चं १९८४मधलं ‘क्रीपिंग डेथ’ म्हणजे शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकातली दहावी पीडा. या संगीताचं अर्धं शब्दभांडार शास्त्रातून आलेलं आहे, आणि ते खरं मानणारा कोणी त्यातून बोलला की तो तेवढा परका.

फिनलंडमध्ये २००६पासून मेटलच्या साथीने उपासना होते. पहिली झाली हेलसिंकीत, तिथल्या मोठ्या मेटल महोत्सवाच्या दिवसांत. मला त्यातली जी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते ती ही की उपासना नेहमीचीच आहे. तीच लुथरन पापकबुली, तेच वाचन, तेच प्रभुभोजन. गाणी स्तोत्रपुस्तकातलीच, आजीच्या तोंडची, फक्त साथ जड गिटारींची. काळ्या टी-शर्टातली माणसं उभं राहून ती म्हणतात. कोणाला कशाच्या ‘ऐवजी’ काही दिलं जात नाही.

मुंबईत, वसईत, गोव्यात शनिवारी रात्री कुठल्या तरी कोंदट हॉलमध्ये मेटल वाजवणारा आणि रविवारी सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कॉयरमध्ये गिटार धरणारा मुलगा एकच असतो, हे मी माझ्या ओळखीतच पाहिलं आहे. रविवारी तो तीन सोपे कॉर्ड वाजवतो आणि शनिवारचा हात खिशात ठेवतो. त्याला असे दोन करून आपण काय मिळवतो? मिस्सेत ब्लास्ट बीट, म्हणजे मेटलमधला तो अतिवेगवान ड्रमांचा मारा, आणा असं मी म्हणत नाही. मिस्सेची स्वतःची लय आहे आणि मला ती प्रिय आहे. पण उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या चौदा मुक्कामांपैकी एखाद्या मुक्कामावर, किंवा गुड फ्रायडेच्या संध्याकाळी आवारात, त्याला त्याचा खरा आवाज घेऊन यायला सांगा. गुड फ्रायडेला आपण घंटा वाजवतच नाही. लाकडी खटखट्या वाजवतो, कोरडा, कर्कश, मुद्दाम कानाला बोचणारा आवाज. त्या दिवशी सुरेल आवाज चालत नाही, हे चर्चला शतकानुशतकं माहीत आहे.

आणि त्याला शब्द हवेच असतील तर नवे लिहायची घाई नको. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि बहुतेक विलाप शेवटी वळतात, देवाची स्तुती करून थांबतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते रात्रंदिवस ओरडणाऱ्या माणसाचं आहे, ज्याचे सगेसोयरे दूर गेले आहेत आणि ज्याला देव तोंड दाखवत नाही. मराठीत ते उभं आहे, चाल लावलेली मी कधी ऐकली नाही. तारा सैल करून, खालच्या सुरात, पंचमाचा विसावा न देता ते म्हणता येईल. शेवटचा शब्द अंधार आहे. तिथेच थांबायचं, आणि नंतर कोणी माइक घेऊन समजावून सांगायचं नाही.